महाराष्ट्राची राज्यचिन्हे: पश्चिमेकडे झुकलेली यादी

शेकरू (मोठी खार, राज्यप्राणी), हरियाल (हिरवे कबूतर, राज्यपक्षी), ताम्हण (राज्यफूल), आंबा, नीलवंत, पांढरी चिप्पी, पापलेट. स्पर्धा परीक्षेची मुले ही यादी एका दमात म्हणतात. नकाशा समोर ठेवून वाचली की वेगळेच दिसते: यादी जसजशी वाढली, तसतशी ती पश्चिमेकडे सरकली. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताचे मुख्य घर सह्याद्री. २०२० मध्ये आलेली पांढरी चिप्पी हे खाडीतल्या कांदळवनातले झाड. २०२३ मधला पापलेट तर थेट समुद्रातला.

राज्य मात्र तीन ठिकाणांहून गोळा झालेले. १९५६ च्या पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातून मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला आणि महाराष्ट्र उभा राहिला. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, त्याचे मूळ विदर्भ सामील होण्याच्या अटी ठरवणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारात आहे.

३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा बहुतेक भाग एकाच दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, तो हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. किल्ल्यांचे ताशीव कडे, अजिंठा-वेरूळची लेणी आणि वऱ्हाडातली काळी कसदार जमीन ही सगळी त्याचीच रूपे. थर आडवे असल्याने लेणी कोरायला सोय झाली. पण थरांमधल्या फटींतून पाणी झिरपते आणि भित्तिचित्रांना त्याचाच धोका असतो. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू कापूस तग धरतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा मागणी या पट्ट्याकडे वळली आणि पैसा मुंबईत साचला. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ पासून धावत होतीच. १८६३ मध्ये बोरघाट ओलांडल्यावर माल थेट बंदराला लागू लागला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या आटत गेल्या, कापूस पिकवणारा मात्र तिथेच आहे. पूर्व टोकाला बेसाल्ट संपतो आणि जुने खडक वर येतात: चंद्रपूरचा कोळसा, भंडाऱ्याचे मँगनीज. यांतले काहीच चिन्हांत नाही. सागवान नाही, वाघही नाही. तो अर्थात राष्ट्राने आधीच घेतलेला.

चिन्हांत जे आहे त्याची तब्येत कशी, हे अधिक महत्त्वाचे. शेकरू भीमाशंकरचे म्हणून प्रसिद्ध, पण मेळघाट आणि आलापल्लीकडेही आहे. ते जमिनीवर सहसा उतरत नाही. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप घेते. म्हणून झाडे किती उरली यापेक्षा ती एकमेकांना भिडलेली आहेत का, हे पाहावे लागते. जंगलातून रुंद रस्ता गेला की एका कळपाचे नव्हे, एकेकट्या जनावराचे जग तुटते, कारण शेकरू एकेकटेच राहते. हरियालही झाडावरचाच. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर तो जगतो. रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने वड गेले की त्याचे ताट गेले. ताम्हण ओढ्याकाठी वाढते आणि एप्रिल-मेमध्ये जांभळे फुलते. महाराष्ट्र दिन ऐन बहरात येतो, हा योगायोग छान जमला आहे.

आंबा हा राज्यवृक्ष, पण अर्थव्यवस्था हापूसभोवती फिरते. कोकणातल्या जांभ्या कातळात पाणी साचत नाही, ते हापूसला मानवते. मात्र तापलेल्या जमिनीची धग लागली, किंवा फळ झाडावर जास्त दिवस राहिले, की गरात साका धरतो. बाहेरून काहीच कळत नाही, कापल्यावर पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. म्हणून फळ पूर्ण पिकण्याआधीच उतरवतात आणि बुंध्याभोवती गवताचे आच्छादन घालतात.

चिप्पीचे फूल रात्री उमलते आणि सकाळी झडते; परागीभवन वटवाघळे आणि पतंग करतात. मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. खाडीत राडारोडा टाकला की भरतीचे पाणी अडते, मुळे गुदमरतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. पापलेटची अडचण जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांच्या आकारात आहे. डोल नावाच्या पिशवीसारख्या, बारीक आसाच्या जाळ्यात अंडी घालण्याआधीची पिल्लेच सापडतात. पालघरच्या सातपाटीसारख्या बंदराचे नाव पापलेटवर मोठे झाले, तिथल्या मच्छीमारांचाच लहान मासा न पकडण्याचा आग्रह राहिला आहे.

बघायला निघायचे तर ताम्हण मेमध्ये, आणि अजिंठा-वेरूळ पावसाळा सरल्यावर. मात्र वाराच्या सुट्ट्या आधी पाहाव्यात: अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी.