तळीराम आणि इयागो: नजर कुठे आहे ते बघा

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा जत्रेला राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ बसवतोय, दारूपायी बुडणाऱ्या सुधाकर वकिलाचं नाटक. तळीरामाचं काम करणारा पोरगा हुशार आहे, पण सुधाकरापुढे ग्लास धरताना भुवई उंचावतो आणि प्रेक्षकांकडे वळून गालात हसतो. परवाच्या तालमीत पेटीवाल्या काकांनी भाता थांबवला. "हो तळीराम न्हय रे, इयागो!" इयागो म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला खलनायक, ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा. काकांना ऑथेल्लो ठाऊक तो देवलांनी केलेल्या १८९० सालच्या रूपांतरामुळे, ‘झुंजारराव’मुळे.

घोटाळा होतो खरा. दोघेही नायकाच्या कानाशी लागलेले, दोघांमुळे एक भला संसार धुळीला मिळतो, आणि दोन्ही नाटकांत शेवटी निरपराध बायको मरते. शिवाय दारू दोन्हीकडे आहे. तिथूनच सुरुवात करू.

आपल्याला दारू सोसत नाही, हे ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ स्वतःच सांगतो. इयागो त्याला आग्रह करकरून पाजतो, भांडण लावून देतो, कॅसिओची नोकरी जाते. मग त्याच कॅसिओला हितचिंतकासारखा सल्ला देतो, ऑथेल्लोच्या बायकोकडे, डेस्डेमोनाकडे रदबदली कर. ती मनाने चांगली, म्हणून नवऱ्याकडे त्याची बाजू मांडते. इकडे इयागो ऑथेल्लोला सुचवतो, बघा, किती कळवळा! तिचा चांगुलपणाच पुरावा होऊन बसतो. इयागोची बायको एमिलिया नवऱ्याच्या मर्जीसाठी डेस्डेमोनाचा सापडलेला रुमाल त्याच्या हाती देते. रॉडरिगो डेस्डेमोनाच्या वेडापायी थैली मोकळी करतो. प्रत्येकाकडून इयागो वेगळी वस्तू घेतो आणि बहुतेक वेळा ती त्या माणसाची जमेची बाजू असते. ऑथेल्लोचा सरळपणाही त्यातलाच. सगळे इयागोला ‘प्रामाणिक’ म्हणतात. चौथ्या अंकात तर डेस्डेमोना नवऱ्याचं मन कसं वळवू म्हणून त्याच्याच पुढे गुडघे टेकते. मला पूर्ण नाटकात याहून भयंकर काही वाटत नाही, शेवटचा खूनसुद्धा.

तळीरामाला एवढं काही जमत नाही. तो सुधाकराचा कारकून आणि पक्का दारुडा. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याने सुधाकर अपमानाने पेटलेला असतो, तेव्हा तळीराम त्याला स्वतःचंच औषध देतो. दारूने दुःख विसरतं यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. आर्य मदिरा मंडळ काढणारा माणूस हा! त्याची माणसांशी ओळख प्याल्यापुरतीच. तो साळसूद मात्र मुळीच नाही. बायकोचे, गीताचे हाल तोही करतोच. पण जे दुसऱ्याला पाजलं त्यानेच तो आधी मरतो, आणि त्याच्या आजारपणात डॉक्टर-वैद्यांची जुंपते तेव्हा आपण हसतो.

इथेच मोठा फरक आहे, प्रेक्षकाशी असलेल्या नात्याचा. इयागो रंगमंचावर एकटा उरला की आपला बेत आपल्याला सांगतो. नाटकात ऑथेल्लोपेक्षाही जास्त ओळी त्याच्या आहेत. सगळं माहीत असून आपण खुर्चीत गप्प बसतो, म्हणजे त्याने आपल्यालाही स्वतःच्या बाजूला घेतलेलं असतं. उघडा पडल्यावर मात्र तो जाहीर करतो की यापुढे एक शब्द बोलणार नाही. कशासाठी केलंस, याचं उत्तर ऑथेल्लोला मिळत नाही. बढती कॅसिओला गेली हा राग तो सुरुवातीला सांगतो खरा, पण एवढ्याशा रागात एवढा संहार मावत नाही.

इयागोला नाटकातून काढलं तर ऑथेल्लो-डेस्डेमोना कदाचित सुखाने नांदले असते. तळीरामाला काढा, सुधाकराला दुसरा कुणीतरी प्याला देईल. आमच्या गोव्यात तर फार लांब जावं लागणार नाही. गडकऱ्यांच्या नाटकातला खरा खलनायक ग्लासात आहे, आणि आत शिरायची वाट सुधाकराच्या अहंकाराने करून दिलेली आहे.

म्हणून पोराला एवढंच सांगितलं, प्रेक्षकांकडे बघू नकोस, सुधाकराकडेही नको. ग्लासाकडे बघ. काल त्याने तसं केलं. ग्लासात कोकम सरबत होतं, तरी पुढे करताना हात जरासा मागेच रेंगाळला, आणि काकांनी पेटी थांबवली नाही.