गाळ, बांध आणि उघाडी : किनारा राखण्याच्या विचाराची पार्श्वभूमी

त्र्यंबकेश्वराच्या डोंगररांगेतून दोन नद्या दोन समुद्रांकडे निघतात. गोदावरी ब्रह्मगिरीवरून नाशिकमार्गे सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर वैतरणा घाट उतरून पालघरच्या किनाऱ्यावर अरबी समुद्रात जाते. म्हणून समुद्राची पातळी वाढण्याचा प्रश्न नाशिककरांना वरवर वाटतो तितका लांबचा नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत पोहोचला. एरवी बागबगीचे आखणाऱ्यांची समजली जाणारी लँडस्केप डिझाइन ही विद्याशाखा आता किनाऱ्यावरच्या वस्त्यांसाठी कामाला लागली आहे. मात्र पाण्याला केवळ अडवण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेण्याचा त्यामागचा विचार त्या विद्याशाखेहून बराच जुना आहे.

कोकणातील खारबंदिस्ती हे त्याचे आपल्या घरचे उदाहरण. खाडीकाठी माती-दगडाचा बांध घालून आत भातशेती करायची आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवायची. उघाडीची लाकडी झडप एकाच बाजूला उघडते. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप बंद होते आणि ओहोटीच्या वेळी आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत निघून जाते. बांधाच्या बाहेर कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, राखले की लाटेचा पहिला मार ते झेलते. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील शिलोत्री पद्धतीत बांध घालणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क मिळत आणि बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारीही त्याच्याचकडे राही. गोव्यातील खाजणांमध्ये, म्हणजे तशाच बंदिस्त खारजमिनींत, उघाडीला मानस म्हणतात आणि तेथे ही व्यवस्था ‘गावकरी’ या गावसंस्थेच्या हाती होती. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी महाराष्ट्रातील बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. त्यामागचा हेतू रास्त होता, पण बांधाला खांड पडताच रात्री कुदळ घेऊन धावणारा माणूस त्या बदलात हरवला, असे माझे मत आहे.

नेदरलँड्सनेही आधी भिंतीवरच भिस्त ठेवली. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने बांध फुटून तेथे १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर बांध, दरवाजे आणि अडथळे यांची जी प्रचंड साखळी उभी राहिली, तिचे काम १९९७ पर्यंत चालले. पण १९९३ आणि १९९५ च्या पुरांनी धोका नद्यांच्या बाजूनेही येतो हे दाखवले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीलाच जागा देण्याचे धोरण ठरले आणि तीसहून अधिक ठिकाणी ते राबवले गेले. नेमेगन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे सरकवून वाल नदीसाठी नवा प्रवाह खोदण्यात आला. त्यासाठी काही घरे हलवावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

नाशिकमध्ये हाच वाद पूररेषेच्या नावाने चालतो. गोदाघाटावर पाणी किती चढले हे आजही नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगितले जाते : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर निळी आणि लाल रेषा, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, हे शब्द घराघरांत पोहोचले. आधी बांधून मग रेषा मागे ढकलण्याची मागणी करायची, ही आपली खास पद्धत.

या विचाराला शास्त्राची चौकट देणाऱ्यांत लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांचे नाव आधी घ्यावे लागते. मार्च १९६२ च्या वादळाने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील घरे उद्ध्वस्त केली, तेव्हा वाळूच्या टेकड्या हीच तेथील खरी तटबंदी असून तिच्यावर बांधकाम करू नये, अशी मांडणी त्यांनी केली. ती १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी नाशिकने गोदावरीचा मोठा पूर पाहिला. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ केट ऑर्फ यांच्या संस्थेने आखलेले दगडी लाटरोधक उभारले गेले. लाट मोडायची आणि फटींमध्ये मासे व कालवे (शिंपल्यांतील जीव) वाढू द्यायचे, असे त्यांचे दुहेरी काम आहे. भारतात १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली आणला आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला.

कांदळवनाला उभे राहायला गाळ लागतो. किनाऱ्यालाही तसाच भराव लागतो. तो पुरवण्यासाठी २०११ मध्ये डच लोकांनी हेगजवळ २ कोटी घनमीटरहून अधिक वाळू समुद्रात एकाच जागी ओतली, ती पसरवण्याचे काम लाटांवर सोडून. गोदावरी हे काम फुकट करीत आली होती. १९७० च्या दशकात ती वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ मुखाकडे नेई. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला, कारण वाटेत धरणे झाली. आता आंध्रातील त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो आहे, आणि इकडे महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयांतला गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरने शेतांवर पसरला जातो.