कार्बन नॅनोफायबर : ऑर्डर देण्याआधी थोडी माहिती

‘कार्बन ब्लॅक स्वस्तात मिळतो, मग ही महागडी काळी पावडर कशाला?’ प्लास्टिक मोल्डिंगवाले ग्राहक नॅनोफायबरबद्दल हे पहिल्याच भेटीत विचारतात, आणि बरोबरच विचारतात.

कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात केलेली काजळी, याचे कण गोलसर असतात. प्लास्टिकमधून वीज जायची तर ते एकमेकांना टेकले पाहिजेत, म्हणून पुष्कळदा १५ ते २० टक्के घालावा लागतो. मग माल ठिसूळ होतो आणि त्यावरून काजळी झडते. नॅनोफायबर म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू: जाडी साधारण १५० नॅनोमीटर, लांबी मात्र १० ते २० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर). असे लांब तंतू एकमेकांत अडकून थोडक्या टक्क्यांतच जाळे धरतात. पैसे तुम्ही या लांबीचे मोजता. त्यामुळे प्लास्टिकच्या दाण्याबरोबर हॉपरमधूनच (यंत्राच्या तोंडच्या नरसाळ्यातून) पावडर सोडून स्क्रूने ती भरडू नका, तंतू तुटतात. प्लास्टिक वितळल्यावर, पुढच्या फीडरमधून घाला.

तंतू वाढतो तो भट्टीत. मिथेन किंवा ॲसिटिलीनसारखा वायू तापलेल्या लोखंडाच्या किंवा निकेलच्या सूक्ष्म कणावर फुटतो, कार्बन त्या कणात मुरतो आणि दुसऱ्या अंगाने तंतू होऊन बाहेर येतो. कण जेवढा, साधारण तेवढीच सुरुवातीच्या तंतूची जाडी. कल्पना जुनी आहे: ह्यूज आणि चेंबर्स यांचे अमेरिकन पेटंट १८८९ चे!

बऱ्याच तंतूंत कार्बनचे थर एकात एक ठेवलेल्या पेल्यांसारखे तिरके बसतात. विजेला थरामागून थर ओलांडावे लागतात, म्हणून कच्चा तंतू मध्यमच वाहक असतो. तोच निष्क्रिय वायूत २८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की थर नीट लागतात, वहन सुधारते आणि उरलेले लोखंडही बरेचसे उडून जाते. बॅटरीसाठी हाच ग्रेड घ्या. इलेक्ट्रोडमधले लोखंड विरघळून सेल आतून शॉर्ट करू शकते. स्टॅटिक (साचलेली स्थिर वीज) घालवणाऱ्या ट्रेला कच्चा ग्रेड पुरतो, जास्तीचा खर्च उगाच करू नका. तांब्याच्या तारेची जागा मात्र यातला कुठलाच ग्रेड घेणार नाही.

ही धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे. साधा कापडी मास्क चालत नाही. पिशवी एक्झॉस्टखाली उघडा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. धूळ वीज वाहते, तेव्हा इलेक्ट्रिक पॅनेलपासूनही लांब ठेवा. हे सगळे जमणार नसेल तर पावडरऐवजी मास्टरबॅचचे, म्हणजे तंतू आधीच मिसळलेल्या प्लास्टिकचे, दाणेच मागवा.

नमुना मागताना प्लास्टिकचे नाव आणि हवा असलेला पृष्ठभागाचा रोध (विजेला होणारा अडथळा), दोन्ही कळवा.