एकट्याने जगप्रदक्षिणा: बोट आमच्या ताब्यात देण्यापूर्वी वाचावं असं काही

गोव्यातल्या आमच्या बोट-दुरुस्तीच्या यार्डात शिडाची बोट घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मालवणपर्यंत किंवा फार तर कोचीपर्यंत जायचं असतं. अधूनमधून एखादे गिऱ्हाईक मात्र चहा संपल्यावर हळूच विचारतं, "एकट्याने पृथ्वीला फेरी मारायची आहे, बोट तयार करून द्याल का?" हे पत्रक अशांसाठी आहे. दरपत्रक वेगळं मिळेल. इथे आम्ही कोणतं काम आधी धरतो, कशाला नाही म्हणतो आणि का, एवढंच सांगितलं आहे.

आमचा नियम एकच आहे: भर समुद्रात तुम्हाला एकट्याला, बोटीवरच्याच हत्यारांनी, हेलकाव्यात बसून दुरुस्त करता येणार नाही अशा वस्तूवर तुमचा जीव अवलंबून राहील असं काम आम्ही करत नाही. तशी वस्तू सोयीसाठी जरूर बसवा, पण तिच्या मागे दुसरी साधी व्यवस्था हवीच. पुढचं सगळं या नियमातूनच निघतं.

गोव्याला हे काम नवं नाही. नौदलाची 'म्हादेई' ही ५६ फुटी बोट दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार मुक्काम करत एकटे जगप्रदक्षिणा करून आले आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकटे फिरून आले. त्या कामात आमचा वाटा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या नदीकाठी आपण बोट आणणार आहात, तिथल्या कारागिरांना दक्षिण महासागर म्हणजे काय याची ऐकीव का होईना, पण नीट कल्पना आहे.

तारीख आधी ठरवा, रंग नंतर

पूर्वेकडे निघून लीविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरं डाव्या हाताला ठेवत परत यायचं, हा नेहमीचा मार्ग. प्रदक्षिणा म्हणून धरली जायला किमान २१,६०० सागरी मैल व्हावे लागतात, विषुववृत्तही ओलांडावं लागतं. केप हॉर्न जवळजवळ ५६ अंश दक्षिणेला आहे आणि तिथे तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत पोहोचलेलं बरं. टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि २६ जानेवारीला त्यांनी हॉर्न ओलांडलं. पण त्यांची बोट ५६ फुटी होती. तुमची ३६ फुटी बोट दिवसाला सरासरी १२० मैल कापेल असं धरलं, तर तेवढ्याच वाटेला तिला सुमारे तीन आठवडे जास्त लागतील. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघायला हवं. त्याच सुमाराला अरबी समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम असतो, तेव्हा एखादा आठवडा इकडेतिकडे होईल हे गृहीत धरा.

इथून उलटं मोजत या. फायबरचं काम आम्ही पावसाळ्यात घेत नाही. हवेत एवढी ओल असताना रेझिन नीट बसत नाही, आणि त्या घाईचा हिशेब नंतर हॉर्नजवळ चुकवावा लागतो. म्हणून बोट आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात वर काढायची, मार्चपर्यंत तळ आणि डोलकाठी उरकायची, एप्रिलमध्ये चाचणी, पावसाळ्यात आतलं सुतारकाम आणि वायरिंग, सप्टेंबरात शेवटचा तळाचा रंग. जूनमध्ये येऊन "ऑक्टोबरला निघायचंय" म्हणणाऱ्यांना आम्ही पुढच्या ऑक्टोबरची तारीख देतो. राग मानू नये.

आधी बोट बुडू नये

तळाला जितकी भोकं कमी, तितकं बरं. लांब पल्ल्याच्या जुन्या बोटींना सिंक, संडास, इंजिन, खाऱ्या पाण्याचा नळ यांसाठी तळाला भराभर भोकं पाडलेली असतात. त्यांतली निम्मी तरी आम्ही कायमची बुजवतो. उरलेल्या प्रत्येक सीकॉकला (अशा भोकावरच्या झडपेला) लाकडी बुच दोरीने तिथेच बांधलेलं हवं. ते 'कुठेतरी खणात आहे' हे आम्हाला चालत नाही.

नाळेकडे एक पाणीबंद पडदी घालायला आम्ही आग्रहाने सांगतो. तरंगतं लाकूड किंवा हरवलेला कंटेनर आदळला तर पाणी पुढच्या कप्प्यातच अडतं. मागच्या टोकाला, सुकाणूच्या दांड्याभोवतीही तसाच कप्पा करता आला तर उत्तम. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत २०२२ मध्ये फिनलंडच्या तापियो लेहटिनेन यांची बोट दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला काही मिनिटांत बुडाली. ते अनुभवी होते आणि बोट चांगली तयार केलेली होती. तरी तराफ्यात उतरण्यापुरताच वेळ मिळाला. म्हणून हा जीवरक्षक तराफा केबिनच्या शिडीजवळच, एका माणसाला उचलून पाण्यात ढकलता येईल असा बांधायचा.

याच लेहटिनेन यांची आणखी एक गोष्ट तळाच्या रंगाबद्दल आहे. २०१८ च्या शर्यतीत त्यांच्या बोटीच्या तळाला बार्नेकल (कडक कवचाचे समुद्री जीव) इतके चिकटले की शर्यत पुरी करायला ३२२ दिवस लागले. रंगाचे थर वाचवून जे पैसे राहतात त्यांत एवढ्या दिवसांचं धान्यसुद्धा येणार नाही.

मग डोलकाठी

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा वरून चकचकीत दिसतात, आणि धोका तिथेच आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस स्टील आतून, फटीत गंजतं, आणि तार जिथे टोकाच्या जोडणीत शिरते तिथे एकेक धागा तुटायला लागतो. तारा दहा वर्षांच्या झाल्या असतील तर आम्ही तपासत बसत नाही, थेट बदलतो. तारा नव्या असल्या तरी चेनप्लेट (तारा बोटीला जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्ट्या) बाहेर काढून बघितल्याशिवाय बोट परत पाण्यात जात नाही. हे काम कंटाळवाणं आहे, त्यासाठी आतलं फर्निचर उखडावं लागतं, आणि बिल बघून सर्वांत जास्त वाद याच ओळीवर होतात.

तारेच्या टोकांना दाबयंत्राने बसवलेल्या जोडण्यांऐवजी आम्ही पाना वापरून उघडता-बसवता येणाऱ्या यांत्रिक जोडण्या घालतो. दाबयंत्र तुम्ही बोटीवर नेऊ शकत नाही, दोन पाने नेऊ शकता. शिवाय डोलकाठीच्या सर्वांत लांब तारेएवढी एक अखंड तार आणि डायनिमाची (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी सोबत. डोलकाठीवर चढायला घडीच्या पायऱ्या लावतो, कारण खालून विंच फिरवून तुम्हाला वर ओढणारं कोणी नाही.

इतकं करूनही डोलकाठी जाऊ शकते. 'थुरिया' हीसुद्धा गोव्यातच बांधलेली बोट. २०१८ च्या त्याच गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी तिच्यावर होते. २१ सप्टेंबर २०१८ ला पर्थपासून सुमारे १९०० मैलांवर वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. बिछान्यावरून उठता येत नसताना त्यांनी छोट्या उपग्रह-यंत्रावरून मजकूर पाठवून परिस्थिती कळवली, आणि २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. तारा कापायची मोठी कातर आणि हॅकसॉची भरपूर पाती कॉकपिटमधून हाताला लागावीत, कारण मोडलेली काठी बोटीला बाहेरून ठोकर मारून भोक पाडते. आणि संपर्काचं एक तरी यंत्र बिछान्यावर आडवं पडल्या पडल्या हातात येईल असं बसवायचं. हे काम आम्ही तुम्हाला प्रत्यक्ष झोपवून, हाताची लांबी मोजून करतो. हसू येतं, पण करतो.

सुकाणू कोण धरणार

एकट्या माणसाला झोपावं लागतं, त्यामुळे बहुतेक वेळ सुकाणू यंत्राकडेच असतं. विजेवरचा ऑटोपायलट अचूक असतो, पण तो बॅटरी खातो, आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्स भिजलं की संपलं. विंडवेन म्हणजे वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र, त्याला वीज लागत नाही. वाऱ्याची दिशा बदलली की वरचं पातं कलतं, ते पाण्यातलं वल्हं पिळतं, वाहतं पाणी त्या वल्ह्याला बाजूला ढकलतं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढतात. वारा जितका जोराचा तितकी ताकद जास्त. मुख्य काम विंडवेनकडे आणि वाऱ्याविना, इंजिनवर जाताना ऑटोपायलट, असं आमचं मत आहे. जास्तीचं पातं, वल्हं आणि दोऱ्या तर घ्याच.

आणि विंडवेनही गेली तर? १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या ३२ फुटी सागवानी बोटीतून एकटे, न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले. त्यांची विंडवेन ऑस्ट्रेलियाजवळच निकामी झाली होती. पुढे ते शिडांचा तोल साधून बोट सरळ नेत राहिले. तुमची बोट हे करते का, हे चाचणीत बघायचं. लांब कील (तळाखालचा कणा) असलेल्या बोटी सहसा करतात. छोटी कील आणि सुटं सुकाणू असलेल्या हलक्या बोटी मुळीच ऐकत नाहीत, आणि तेव्हा आम्ही बोट बदलण्याबद्दल स्पष्ट बोलतो.

शिडांबद्दल थोडक्यात: डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं मोठं शीड एकट्याच्या लांब सफरीला नको. ते अर्ध्यात अडकलं तर वादळात ना उघडतं ना मिटतं. साधं शीड, तीन खोल रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड बांधून लहान करायच्या जागा), सगळ्या दोऱ्या एकाच जागी.

पाणी, चूल, बाकीचं

दिवसाला ३ लिटर धरले तर २०० दिवसांना ६०० लिटर होतात. हे पाणी किमान तीन टाक्यांत, एकमेकींना न जोडता ठेवायचं. 'सुहेली'च्या टाक्यांतलं पाणी प्रवासाच्या पूर्वार्धातच नासलं आणि पुढची भिस्त पावसावर राहिली. खारं पाणी गोड करणारं विजेवरचं यंत्र घ्या, सोबत हाताने चालवायचंही एक घ्या, आणि मोठ्या शिडाच्या खालच्या दांडीला पावसाचं पाणी धरायची झोळी आम्ही शिवून देतो.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बाहेर न जाता बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या सर्वांत खालच्या भागात, साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, तळाला निचरा असलेल्या खणातच. डब्यांवरचे कागद ओलीने निघून पडतात, तेव्हा नावं ऑइल पेंटने घाला. पोहे, सातू, मेतकूट उत्तम टिकतात. सुकट कितीही आवडत असली तरी बंद केबिनमध्ये ठेवू नका, असा आमच्या सुताराचा कळकळीचा निरोप आहे.

ईपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) तुमच्या आणि बोटीच्या नावावर नोंदवल्याशिवाय आम्ही बसवून देत नाही. भारतीय संकेत असलेल्या यंत्राची नोंदणी बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे होते. बॅटरीवरची तारीख परतीच्या तारखेच्या पलीकडची हवी.

चाचणी आणि ताबा

एप्रिलमध्ये बोट घेऊन एकट्याने लक्षद्वीपच्या अक्षांशापर्यंत जा आणि बेटांवर न उतरता परत या. त्यात निदान एकदा रात्री, हातमोजे घालून, दिवा न लावता तिसरा रीफ बांधा. एकदा विंडवेन सोडवून परत जोडा. जे जमलं नाही त्याची यादी करून आणा. त्या यादीतली कामं मूळ अंदाजपत्रकात धरलेली असतात, वेगळे पैसे नाहीत. चाचणीच न करता बोट न्यायची असेल तर ताबापावतीवर तसं लिहून सही घेतो.

बोट आणताना डोलकाठीचा मूळ आराखडा, तारांच्या शेवटच्या बदलाची पावती आणि इंजिनाची वही सोबत आणा. आराखडा नसेल तर मोजमापाला चार दिवस जास्त लागतील. भरतीच्या वेळा फोनवर विचारून या, ओहोटीला आमच्या धक्क्यापाशी खोल कीलच्या बोटी रुततात.