एन्कांटो : प्रेक्षकांचा प्रतिसाद

एन्कांटो हा वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन स्टुडिओजचा साठावा पूर्ण लांबीचा चित्रपट. कोलंबियातल्या डोंगरात एका चालत्याबोलत्या घरात राहणाऱ्या माद्रिगाल कुटुंबाची ही संगीतमय गोष्ट आहे. दिग्दर्शन बायरन हॉवर्ड आणि जॅरेड बुश यांचे, सहदिग्दर्शन शारीस कास्त्रो स्मिथ यांचे, गाणी लिन-मॅन्युएल मिरांडा यांची आणि पार्श्वसंगीत जर्मेन फ्रँको यांचे. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या एल कॅपिटन थिएटरात त्याचा पहिला खेळ झाला आणि २४ नोव्हेंबरला तो अमेरिकेत सर्वत्र लागला. चित्रपटगृहात बेताचा चाललेला हा चित्रपट महिन्याभराने घराघरांत गेला आणि तिथे त्याचे नशीब पालटले. कोणते गाणे गाजेल, कोणती बाहुली खपेल, याबद्दलचे जाणकारांचे बहुतेक अंदाज या काळात चुकले, आणि ते चुकवले मुख्यतः पाच-सात वर्षांच्या मुलांनी.

कथा थोडक्यात अशी. घरातल्या प्रत्येक मुलाला पाचव्या वर्षी एक दैवी देणगी मिळते. लुईसा गाढवे उचलते, इसाबेला हवेतून फुले काढते, डोलोरेसला गावभरचे कुजबुजणे ऐकू येते. मिराबेलला मात्र काहीच मिळालेले नाही. भविष्य दिसणारा ब्रूनोमामा घर सोडून गेला आहे आणि त्याचे नाव काढायला घरात बंदी आहे. आजी अल्मा कुटुंबाची शिस्त आणि प्रतिष्ठा दोन्ही घट्ट धरून बसली आहे.

चित्रपटगृहातील पहिले आठवडे

थँक्सगिव्हिंगच्या पाच दिवसांच्या सुट्टीत अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ४ कोटी डॉलर कमावले. महामारीच्या वर्षातल्या ॲनिमेशनपटासाठी आकडा वाईट नव्हता, पण बारा कोटींहून अधिक खर्च झालेल्या चित्रपटासाठी पुरेसाही नव्हता. लोक बिचकत होते आणि त्याला कारण होते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना लस द्यायला अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच परवानगी मिळाली होती, त्यामुळे बहुतेकांचा दुसरा डोस व्हायचा होता. त्यात प्रदर्शनानंतर दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या नव्या उपप्रकाराला ओमायक्रॉन हे नाव दिले. शिवाय चित्रपट तीस दिवसांत डिस्ने प्लस या घरबसल्या पाहण्याच्या सेवेवर येणार हे आधीच जाहीर झालेले होते. चौघांची तिकिटे काढून, मास्क लावून लहान पोरांना अंधारात बसवण्यापेक्षा नाताळपर्यंत थांबणे पालकांना सोयीचे वाटले. जगभरातली एकूण कमाई पंचवीस-सव्वीस कोटी डॉलरच्या आसपास थांबली.

जे गेले त्यांना चित्रपट आवडला होता. सिनेमास्कोअर ही कंपनी पहिल्या रात्री काही शहरांतल्या चित्रपटगृहांबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती एक कार्ड देते आणि ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी मागते. एन्कांटोला तिथे ‘ए’ मिळाली. समीक्षकही अनुकूल होते. मात्र पाच-सात वर्षांच्या पोराच्या हातात असले कार्ड कोणी देत नाही, आणि या चित्रपटाचा खरा प्रेक्षक त्याच वयाचा निघाला.

घरातले पुनःपुन्हा पाहणे

२४ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, चित्रपट डिस्ने प्लसवर आला. सुट्ट्या, बाहेर पसरलेला ओमायक्रॉन आणि घरात कोंडलेली मुले असा तो काळ. संगीत नाटकात आवडलेल्या पदाला प्रेक्षक वन्समोअर देत आणि गायक नटाला ते पुन्हा गावे लागे. इथे रिमोट मुलांच्याच हाती होता, वन्समोअर मागायचीही गरज नव्हती. मुले चित्रपट संपला की पुन्हा सुरुवातीपासून लावत किंवा थेट आवडत्या गाण्यावर जात. गाणी आधी मुलांची पाठ झाली आणि मग नाइलाजाने आईबापांची.

हे पुनःपुन्हा पाहणे किती होते याचा अंदाज प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीवरून येतो. २०२२ या वर्षात अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट एन्कांटोच होता, सुमारे २,७४० कोटी मिनिटे. दुसऱ्या क्रमांकावरच्या चित्रपटाचा आकडा याच्या निम्म्यालाही पोचत नाही. चित्रपटाची लांबी १०२ मिनिटे धरली तर हा हिशेब सव्वीस-सत्तावीस कोटी पूर्ण खेळांचा होतो, आणि अमेरिकेची लोकसंख्याच तेहतीस कोटींच्या घरात आहे. अर्थात बहुतेक मुलांनी तो सलग न पाहता तुकड्यातुकड्यांत पाहिला असणार.

इतक्या वेळा पाहिल्यावर डोळे बारकावे टिपू लागतात. ब्रूनोवरचे गाणे चालू असताना मागे तो स्वतः ओझरता दिसतो, हे प्रेक्षकांनीच हेरले. डोलोरेस त्याच गाण्यात सांगते की तिला त्याचे पुटपुटणे सतत ऐकू येते. म्हणजे तो घरातच आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते आणि कोणी तिचे म्हणणे कानावर घेतले नाही, हा उलगडा पुष्कळांना तिसऱ्या-चौथ्या वेळी झाला. देणगीच्या समारंभात मिराबेलने जादूच्या मेणबत्तीला हात लावल्यावर तो झग्याला पुसला आणि म्हणून तिला देणगी मिळाली नाही, असा एक तर्कही बराच फिरला. दिग्दर्शक बुश ट्विटरवर अशा प्रश्नांना उत्तरे देत आणि मग त्या उत्तरांवर आणखी प्रश्न येत.

ब्रूनोचे गाणे

‘वी डोन्ट टॉक अबाउट ब्रूनो’ हे गाणे कागदावर पाहिले तर लोकप्रिय होण्यासारखे काहीच त्यात नाही. एकच नायिका उंचावर उभी राहून आपले मन मोकळे करते, असा डिस्नेच्या गाजलेल्या गाण्यांचा साचा असतो. इथे मुख्य गायक कोणी नाही. घरातली आणि गावातली माणसे पाळीपाळीने येऊन ब्रूनोच्या नावाने खडे फोडतात. लग्नाच्या दिवशी त्याच्या एका शब्दाने वादळ आले, कुणाचा मासा मेला, कुणाला टक्कल पडले. ज्याच्याबद्दल बोलायचे नाही असे सगळे बजावतात, त्याच्याबद्दलच साडेतीन मिनिटे बोलतात. प्रत्येकाची चाल वेगळी आणि शेवटी सगळ्या चाली एकमेकींवर रचल्या जातात. मुलांना हे भावले, कारण घरातल्या प्रत्येकाला एकेक भूमिका वाटून घेता येते. डोलोरेसच्या कुजबुजत्या ओळींवर ओठ हलवणारे आणि रूपे बदलणाऱ्या कमीलोचा नाच करून दाखवणारे व्हिडिओ टिकटॉकवर जानेवारीभर चालले होते.

गाण्यांचा अल्बम डिसेंबरात अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या बिलबोर्ड २०० यादीत आला तेव्हा १९७व्या स्थानावर होता. चित्रपट घरात आल्यावर तो ११०वरून एकदम ७व्या स्थानावर गेला आणि १५ जानेवारी २०२२ च्या यादीत गायिका ॲडेलच्या अल्बमला खाली ढकलून पहिला आला. ब्रूनोचे गाणे ५ फेब्रुवारीच्या, बिलबोर्डच्याच गाण्यांच्या हॉट १०० यादीत अव्वल ठरले आणि पाच आठवडे तिथे राहिले. डिस्नेच्या ॲनिमेशनपटातले गाणे या यादीत पहिले येण्याची याआधीची वेळ १९९३ सालची. फ्रोझनमधले ‘लेट इट गो’सुद्धा पाचव्या क्रमांकापलीकडे गेले नव्हते. ब्रिटनमध्ये ते त्याआधीच पहिल्या क्रमांकावर पोचले होते. रेडिओचा यात सुरुवातीला फारसा हात नव्हता, सगळी मदार लोक स्वतः लावून ऐकत होते त्यावर होती.

डिस्नेला हे अपेक्षित नव्हते याचा पुरावा ऑस्करच्या कागदांत आहे. सर्वोत्तम गाण्याच्या पुरस्कारासाठी चित्रपटातले एकच गाणे पाठवले गेले, ‘दोस ओरुगितास’. सेबास्तियान यात्रा यांनी गायलेले हे स्पॅनिश गाणे आजीच्या तरुणपणच्या प्रसंगावर येते आणि ते सुंदर आहेच. पण प्रवेशिकेची मुदत १ नोव्हेंबरला, म्हणजे चित्रपट लागण्याच्या तीन आठवडे आधी संपली होती. गाण्याला नामांकन मिळाले, पुरस्कार नाही. २७ मार्च २०२२ च्या सोहळ्यात एन्कांटोला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, आणि स्पर्धेत नसलेले ब्रूनोचे गाणेही लोकाग्रहास्तव रंगमंचावर आणले गेले. तिथे मात्र मूळ कडव्यांच्या जागी ऑस्कर सोहळ्यावरच्या नव्या ओळी घातल्या होत्या. पाठ केलेले शब्द म्हणायला टीव्हीसमोर बसलेल्या मुलांची त्यामुळे पंचाईत झाली आणि मोठ्यांनीही त्यावर भरपूर नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी चित्रपटगीताचे ग्रॅमी मिळाले ते याच गाण्याला.

लुईसा आणि थोरल्या बहिणी

प्रतिसादाचा दुसरा मोठा धागा मोठ्यांचा आहे. आडव्या खांद्यांची, गावाची अवजड कामे करणारी लुईसा ‘सरफेस प्रेशर’ या गाण्यात कबूल करते की सगळ्यांचे ओझे उचलता उचलता ती आतून घाबरलेली असते, आणि उपयोगी पडेनाशी झाले तर आपण कोण, हे तिला कळत नाही. हे गाणे आपल्या मोठ्या बहिणीसाठी लिहिल्याचे मिरांडा यांनी सांगितले आहे. घरातल्या थोरल्या मुलींनी ते ताबडतोब आपले मानले. स्थलांतरित कुटुंबांतल्या, धाकट्यांना वाढवणाऱ्या आणि आईवडिलांचे कागदपत्र भरून देणाऱ्या मुलींनी त्यावर रडतानाचे व्हिडिओ केले. मानसोपचारतज्ज्ञ त्यातली उदाहरणे घेऊन बोलू लागले. हॉट १००मध्ये ते आठव्या क्रमांकापर्यंत चढले, ऑस्करला पाठवलेले ‘दोस ओरुगितास’ ३६व्या. लहान मुलींनाही फुलांची राजकन्या इसाबेला हवी असेल या अंदाजाला छेद देत लुईसाच्या बाहुल्यांची मागणी वाढली, आणि दुकानांत ती मिळत नाही अशा पालकांच्या तक्रारी त्या जानेवारीत सतत दिसत होत्या.

दिसण्याचा प्रश्नही याला जोडूनच येतो. मिराबेल चष्मा लावते, आणि डिस्नेच्या ॲनिमेशनपटाची चष्मेवाली नायिका त्याआधी नव्हती. तिच्या मावसभावंडांत कुरळ्या केसांचा, सावळा आन्तोन्यो आहे. टीव्हीसमोर उभे राहून त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रे त्या महिन्यात जगभर पोचली. अशा चित्रांवर नंतर बाजार उभा राहतो हे खरे असले तरी त्या पोरांचा आनंद खोटा ठरत नाही.

कोलंबियातून

कोलंबियात चित्रपटाकडे आपुलकीने आणि बारीक नजरेने पाहिले गेले. निर्मात्यांनी २०१८मध्ये तिथे प्रवास केला होता आणि त्याच्या खुणा पडद्यावर आहेत. कोकोरा खोऱ्यातली उंच मेणपामची झाडे, चीज घातलेले आरेपा म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, ब्रूनोच्या अंगावरची घोंगडीसारखी रुआना, गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या वाचकांना चटकन ओळखू येणारी पिवळी फुलपाखरे. शेवटी कार्लोस वीवेस यांच्या आवाजात देशावरचे गाणे आहे. आजीचा आवाज कोलंबियाच्या ज्येष्ठ अभिनेत्री मारिया सेसिलिया बोतेरो यांचा असून लॅटिन अमेरिकेसाठीच्या स्पॅनिश आवृत्तीतही त्याच बोलल्या. त्या आवृत्तीत मिराबेलचे काम ओल्गा लुसिया वीवेस यांनी केले. अमेरिकी स्टुडिओच्या चित्रपटात आपल्याच देशाची बोलण्याची ढब ऐकून तिथल्या प्रेक्षकांना विशेष वाटले.

आक्षेपही तिथूनच आले. किनाऱ्यावरचे, डोंगरातले आणि मैदानातले कपडे, पदार्थ, वाद्ये एकाच गावात एकत्र केल्याने ते गाव कोलंबियात कुठेच नसलेले होते, असे काहींचे म्हणणे. हा आक्षेप रास्त आहे. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात बसेल इतके सगळे इथे एकाच वेळी दिसते. पण आजीच्या नवऱ्याचा मृत्यू आणि तीन तान्ह्या बाळांना घेऊन रात्री घर सोडणारी माणसे हा प्रसंग कोलंबियाच्या प्रेक्षकाला परका नव्हता. सशस्त्र संघर्षामुळे घरदार सोडावे लागलेल्या ८० लाखांहून अधिक लोकांची नोंद त्या देशाच्या सरकारदरबारी आहे. हल्लेखोर कोण, साल कोणते, हे चित्रपट सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या घरातली हकीकत तिथे घातली.

नापसंतीचे मुद्दे

चित्रपटाला खलनायक नाही, याचे कौतुक झाले तसेच मूळ समस्या नीट मिटत नाही अशी तक्रारही झाली. आजी आयुष्यभर नातीला कमी लेखते आणि नदीकाठच्या एका प्रसंगात तिला क्षमा मिळते, हे अनेक प्रेक्षकांना पटले नाही. दहा वर्षे भिंतीआड उंदरांच्या सोबतीने राहिलेल्या ब्रूनोची साधी माफीही नीट मागितली जात नाही. शेवटी कुटुंबाने गमावलेली जादू परत यायला नको होती, असेही म्हटले गेले. माणसे देणगीशिवाय मोलाची आहेत हे सांगून झाल्यावर लगेच देणग्या परत करणे म्हणजे आपलेच म्हणणे खोडणे, आणि पटकथेची सर्वांत कच्ची जागा हीच आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही आजी समजावून सांगावी लागत नाही. तिचा राग येतो आणि तिच्यावाचून घर उभे राहिले नसते हेही कळते.

नंतरचे पडसाद

मार्च २०२२मध्ये पडद्यावर शब्द दाखवणारी, सोबत गाण्याची आवृत्ती डिस्ने प्लसवर आली. फ्रोझनची अशी आवृत्ती २०१४च्या जानेवारीत चित्रपटगृहांत गेली होती, एन्कांटोची घरातच राहिली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहरांत वाद्यवृंदासह चित्रपट दाखवून प्रेक्षकांनी गाण्याचे कार्यक्रम झाले आणि नोव्हेंबरात मूळ कलाकारांनी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात जाहीर कार्यक्रम केला. २०२४मध्ये डिस्नेने फ्लोरिडातल्या ॲनिमल किंगडम उद्यानात माद्रिगालांच्या घरावर आधारलेली सफर बांधण्याचे जाहीर केले असून तो विभाग २०२७मध्ये खुला करण्याचे ठरले आहे.