‘ताई आहे की मागं!’ एवढ्यावर पालकत्व मिळत नाही

घरात ऑटिझम असलेला मुलगा असला, की कोल्हापुरात लग्नकार्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘काळजी कशाला? मागं ताई आहे की!’ बोलणाऱ्याची माया खरी, पण कायदा तसं म्हणत नाही.

१८ वर्षं पूर्ण झाली, की आई-वडिलांचंसुद्धा कायदेशीर पालकत्व संपतं. मग बहिणीकडं ते आपोआप कुठून येणार? भावाच्या खात्यासाठी राजारामपुरीतल्या बँकेत गेलेल्या सख्ख्या बहिणीलाही ‘पालकत्वाचा कागद आणा’ असं सांगितलं जाऊ शकतं.

तो कागद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो. जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक स्तर समितीकडं आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करतात. त्याआधी सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढून ठेवावा. पालकाची खरंच गरज आहे का, हेही समिती बघते, कारण काही जण आपले व्यवहार स्वतः नीट सांभाळतात. नेमणुकीनंतर ६ महिन्यांत स्थावर-जंगम मालमत्तेची यादी द्यायची, पुढं दरवर्षी हिशेब. मान कमी, काम जास्त!

आणि हे सगळं जिच्यावर सोपवायचं, त्या बारावीतल्या ताईला कुणी विचारलेलं असतं का? समुपदेशनाचा विषय निघाला तरी ‘ती समजूतदार आहे हो’ म्हणून तो तिथंच मिटतो. आई-बाबा धडधाकट असतानाच तिला विचारा. ती नको म्हणाली, तर दुसऱ्या नातेवाइकाच्या नावानं अर्ज करता येतो.