सहा रुपयांचं गाणं

आमच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक दोनशे पानी वही असायची. चित्रपटाचं नाव, खाली गाणी, प्रत्येक गाण्याला नंबर. आपण चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचे, सोबत कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सहा गाणी नीट बसत, सातवं अर्ध्यात तुटे. याला ‘कॅसेट भरून घेणं’ म्हणत. हे बेकायदा आहे, असं देणाऱ्याच्याही डोक्यात नव्हतं आणि घेणाऱ्याच्याही.

अल्बम स्वस्त केले तर लोक चोरट्या नकला सोडून ते विकत घेतील का, हा प्रश्न इंटरनेटने आणलेला नाही. तो या वहीइतका जुना आहे. आणि आपल्याकडे त्याचं पहिलं उत्तर ‘होय, घेतात’ असंच आलं होतं.

सत्तरच्या दशकापर्यंत भारतात रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही ही एकच कंपनी डोळ्यांसमोर यायची. कारखाना कोलकात्याजवळ दमदमला, भर तबकड्यांवर. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेले संच, घरोघरी येऊ लागले, पण त्यात घालायला कंपनीची कॅसेट मिळेना. मिळाली तर महाग. ही पोकळी आधी चोरट्या कॅसेटवाल्यांनी भरली. दिल्लीच्या दर्यागंजात घरच्या फळांच्या रसाच्या दुकानातून वर आलेले गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, सुरू केली आणि गणित उलटं मांडलं. नगामागे नफा थोडा, पण नग भरपूर. विक्री संगीताच्या दुकानापुरती नाही, तर किराणा आणि पानाच्या टपरीवरही. जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घ्यायची, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तसं करायची वाट होती.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. चोरट्या कॅसेटलाही खर्च होता. कोरी फीत विकत घ्यावी लागे, वरचं कव्हर छापावं लागे, माल गावोगाव पोचवावा लागे आणि अधूनमधून पोलिसांना तोंड द्यावं लागे. अस्सल कॅसेटची किंमत त्या खर्चाच्या जवळ आली, तेव्हा खरखरणारी नक्कल घेण्याचं कारणच उरलं नाही. चोरी संपली असं नाही, पण तिचा धंदा म्हणून जोर ओसरला. कॅसेट काढणंही स्वस्त झाल्यामुळे छोट्या मराठी कंपन्या उभ्या राहिल्या आणि भक्तिगीतं, लोकगीतं, भीमगीतं जत्रेत आणि दीक्षाभूमीच्या बाहेरच्या स्टॉलवर विकली जाऊ लागली.

अमेरिकेत हाच प्रयोग वीस वर्षांनी झाला, पण तोवर नकलेचा खर्च शून्यावर आला होता. जून १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांना गाण्यांच्या फाइल फुकट देण्याची सोय करणारं नॅपस्टर आलं आणि जुलै २००१ मध्ये ते न्यायालयामुळे बंद पडलं, तरी त्याची भावंडं चालूच राहिली. गिऱ्हाइकाचा रागही अगदीच बिनबुडाचा नव्हता. पाच बड्या कंपन्यांनी दुकानदारांवर ठरावीक किमतीखाली जाहिरात करायची नाही, अशी अट घातली होती. त्यामुळे तीन वर्षांत ग्राहकांनी सुमारे ४८ कोटी डॉलर जादा मोजले, असा अंदाज तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००० मध्ये मांडला.

सप्टेंबर २००३ मध्ये युनिव्हर्सल या बड्या रेकॉर्ड कंपनीने धाडस केलं. १७ ते १९ डॉलरच्या सीडीची छापील किंमत १२.९८ वर आणली. बातमी मोठी झाली. पण दुकानदाराने वहीत आकडे मांडले तेव्हा चित्र वेगळं दिसलं. घाऊक भाव १२.०२ वरून ९.०९ वर आला होता, म्हणजे छापील किंमत सहा डॉलरपर्यंत उतरली आणि घाऊक फक्त तीन. दुकानदाराच्या वाट्याचं जवळपास सात डॉलरचं अंतर चारच्या आत आलं, वर जाहिरातीसाठी मिळणारी मदतही आटली. मग किंमत सगळीकडे उतरणार कशी? इतर बड्या कंपन्याही मागे आल्या नाहीत. योगायोग असा, की त्याच आठवड्याभरात रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने फाइल वाटणाऱ्या २६१ जणांवर दावे ठोकले, त्यात न्यूयॉर्कची १२ वर्षांची एक मुलगी निघाली. स्वस्ताईची बातमी त्या बातमीखाली दबली. अमेरिकेत २००० साली ९४ कोटी सीडी दुकानांकडे रवाना झाल्या होत्या. २००४ मध्ये आकडा किंचित सावरून जवळपास ७७ कोटींवर गेला खरा, पण २००७ मध्ये तो ५१ कोटींवर आला.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रॉब आणि वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारून हिशेब काढला. इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेण्यामुळे १९९९ ते २००३ च्या गाजलेल्या अल्बमांवरचा त्यांचा खर्च दरडोई १२६ डॉलरवरून १००वर आला होता. पण फुकट उतरवलेल्या अल्बमांची किंमत खुद्द त्यांच्याच लेखी विकत घेतलेल्यांपेक्षा कमी होती. म्हणजे प्रत्येक फुकटी नक्कल ही बुडालेली विक्री नव्हतीच. भाव कमी करून या मधल्या, ‘चालेल, घेऊन टाकू’ छापाच्या अल्बमांचे थोडे पैसे मिळाले असते, एवढंच. ते पैसे मिळवले आयट्यून्सने, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाने. एप्रिल २००३ पासून ९९ सेंटला सुटं गाणं मिळू लागलं आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यायची सक्ती गेली, हा त्यातला खरा दरकपातीचा भाग.

भारतात ही गोष्ट फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने केली. दुकानाचं नाव फ्लाइट. गाणं सहा रुपयांपासून, अल्बम पंचवीसपासून, एमपीथ्री, कुलूप नाही, हव्या त्या फोनवर टाका. यापेक्षा स्वस्त काय करणार? तरी १७ जून २०१३ ला ते बंद झालं. कंपनीने कारणं दिली ती पायरसीची आणि छोट्या रकमा सहज भरता न येण्याची. मला दुसरं कारण जास्त पटतं. पुस्तक घरी आल्यावर रोख पैसे द्यायची सवय याच कंपनीने लोकांना लावली होती. सहा रुपयांच्या गाण्यासाठी दार कोण वाजवणार? कार्डाचा सोळा आकडी नंबर, मागचे तीन आकडे, मग बँकेचा पासवर्ड, आणि मध्येच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच काळात तोच माणूस कॉलर ट्यूनसाठी महिन्याला तीस रुपये देत होता. ते बॅलन्समधून आपोआप कापले जात. आणि एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात, ‘येथे गाणी भरून मिळतील’ या पाटीखाली, तो मेमरी कार्ड भरून घ्यायचेही पैसे मोजत होता. नंबरांची वही गेली, संगणकावरचं फोल्डर आलं, पण धंदा तोच. गाणं फुकट होतं. पैसे होते ते गाणी भरून देण्याचे.

२०१६ मध्ये यूपीआय आणि जिओ दोन्ही आले आणि भरून घ्यायची गरजच संपली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय महिन्याला ११९ रुपयांत आलं, जाहिराती चालत असतील तर फुकट. अल्बमची किंमत ठरवायचा प्रश्न तिथे बाजूलाच पडला.

फ्लाइटवर घेतलेली माझी काही गाणी अजून एका पेन ड्राइव्हमध्ये आहेत. त्याच फोल्डरमध्ये भरून घेतलेलीही आहेत. ऐकताना फरक कळत नाही. पण दुसऱ्या प्रकारातल्या गाण्यांच्या नावाला कुठल्यातरी वेबसाइटचं शेपूट चिकटलेलं आहे.